दुपारी दोन ते अडीच

सोमवार, ३ नोव्हेंबर

नागपूरहून निघालेलं माझं सामान काल एकदाचं इंदूरला पोचलं, कपबश्यांसकट, एकही न फुटता. लग्नाच्या नोंदणीला बारा दिवस झाले. एकोणसाठाव्या वर्षी मला पहिल्यांदाच असं घर मिळालं आहे, जिथे भिंतीत खिळा ठोकायचा तर घरमालकाला विचारावं लागत नाही. सकाळी उठून मी एक खिळा ठोकला. त्यावर लावायला काही नव्हतं. तरी ठोकला.

श्रीपादांनी कोपऱ्यावरून पोहे-जलेबी आणली. पोह्यांवर शेव, जिरावन मसाला, आणि शेजारी पाकात बुडालेली जलेबी. हे पाहून आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी क्रूसाची खूण केली असती. मी दोन प्लेट खाल्ल्या.

घर लोकमान्य नगरात आहे. बैठं, चार खोल्यांचं, मागे सीताफळाचं झाड. श्रीपाद पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, मी बत्तीस वर्षं मुलींना फिजिक्स शिकवून. ते फार मऊ बोलतात. मला अशा माणसाची सवय नाही, पण करून घेईन.

एकच वस्तू डोळ्यांत खुपली. हॉलमध्ये सोफ्यासमोरच्या कपाटात एक डीव्हीडी रेकॉर्डर आहे. आत हार्ड डिस्क असलेला, २००८ साली सिंगापूरहून आणलेला, वर गुलाबी क्रोशाचं झालरवालं झाकण. तो भानुमतीचा, म्हणजे श्रीपादांच्या पहिल्या पत्नीचा. तिला जाऊन तीन वर्षं झाली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये, पण यंत्राला झालर लावणाऱ्या बाईबद्दल चांगलं काय लिहिणार?

यंत्र दोन वर्षं बंद आहे. श्रीपाद म्हणाले, टोरांटोहून क्षितिजा, त्यांची मुलगी, आईच्या रेकॉर्डिंगसाठी मागे लागली आहे, तर तू बघतेस का, तुला यातलं कळतं. क्षितिजा मला फोनवर ‘मॅडम’ म्हणते. तिच्या आईचं काही वाचवून तिच्या हाती दिलं, तर या घरातली माझी जागा उसनी वाटणार नाही. मी हो म्हटलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

श्रीपादांच्या आग्रहाखातर परदेशीपुऱ्याचे चिंतामणजी येऊन गेले. रेडिओच्या काळापासूनचे मेकॅनिक. त्यांनी आधी यंत्राच्या डोक्यावर दोन चापट्या मारल्या. मी विचारलं, हे निदान आहे की उपचार? म्हणाले, मॅडमजी, चाळीस साल से अपन ठोकूनच चालवून राहिलो.

लक्षण असं, की बटण दाबलं की समोर ‘वेट’ अशी अक्षरं येतात, चार सेकंदांनी विझतात, पुन्हा येतात. चिंतामणजींचा सल्ला: जुनी डिस्क फेका, नवी टाका. ज्या डिस्कसाठी हा सगळा खटाटोप, तीच फेका! मी समजावलं की या यंत्राची लिहायची पद्धत त्याची त्यालाच कळते. ही डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडली तर कॉम्प्युटर म्हणेल, ही कोरी आहे, पुसून टाकू का? वाचवायचं असेल तर हेच यंत्र जिवंत करायला हवं. ते मान डोलवत राहिले. वर्गात मागच्या बाकावरच्या मुली अशाच डोलवायच्या.

जाताना दारात चपला घालत म्हणाले, भिया के घर की लुगाई ने जे बंद केलं ते बंदच राहू द्या. भिया म्हणजे भैया, श्रीपाद; लुगाई म्हणजे बाई. कोणती बाई, विचारलं, तर स्कूटरला किक मारून गेले. अर्धवट माणूस.

शनिवार, ८ नोव्हेंबर

यंत्र चालू झालं! श्रीपादांच्या डोळ्यांत पाणी आलं. या वयात कुणाच्या डोळ्यांत आपल्यामुळे आनंदाचं पाणी यावं, ही थोडी गोष्ट नाही.

सगळं क्रमाने लिहिते. क्रम म्हणजे काय हे या शहरात कुणाला ठाऊक दिसत नाही. आधी पॉवर सप्लाय उघडला. मुख्य कॅपॅसिटर रिकामा करून घेतला. प्लग काढल्यावरही त्यात झटका देण्याइतका चार्ज राहतो, हे मी नववीच्या मुलींना दर वर्षी सांगायचे आणि दर वर्षी एक तरी हात लावायचीच. शेजारचे दोन छोटे कॅपॅसिटर डोक्याशी फुगलेले होते. जेल रोडवरून नवे आणले, सोल्डर केले. राळेचा तो वास आला आणि क्षणभर मी आमच्या लॅबमध्ये होते. उंच खिडक्या, दगडी ओटे, सिस्टरांच्या झग्याची सळसळ. किती स्वच्छ जग होतं ते.

आता ‘वेट’ विझेना, पण पुढेही सरकेना. कान लावला. पंखा फिरत होता, डिस्क नाही. डिस्कला जाणारी पिवळी वायर कापलेली निघाली. उंदराने कुरतडलेली नव्हे, कात्रीने सरळ कापलेली. चिंतामणजींचाच उद्योग असणार, नवी डिस्क खपवायला. वायर जोडली. ट्रेचा सैल पट्टा बदलला, लेन्स पुसली.

आणि आत काय निघालं? दोनशे चौदा रेकॉर्डिंग. एकशे नव्वद मालिकांची. बाकी स्वयंपाकाची, त्यांना रिमोटवरून एकेक अक्षर टाकून नावं दिलेली: ‘कढी १’, ‘कढी २’, ‘कढी खरी’. बाईचा आवाज कुठेच नाही. बाई आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं आणि दुसऱ्यांची कढी साठवत बसली.

शेवटचं तेवढं वेगळं. नाव ‘घर’. अर्धा तास आमचा रिकामा सोफा, समोरून. कधी काळी कॅमेरा जोडला असेल. ते रोजचं होतं: टायमर दुपारी दोन ते अडीच, आणि नवं आलं की कालचं आपोआप पुसायचं, अशी सोय लावलेली. मला हसू आवरेना. श्रीपादांनी मात्र तो अर्धा तास पुरा पाहिला. चहा गार झाला. टायमर काढू का विचारलं, तर म्हणाले, असू दे, तिची आठवण. मी असू दिला. यंत्राच्या पाठीमागे आता टीव्हीची आणि विजेची वायर सोडून काहीच जोडलेलं नाही, रेकॉर्ड होणार काय?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

स्मितावन्सं आल्या होत्या, श्रीपादांची बहीण. पदरात गुंडाळून एक चांदीचा टाक आणला होता. इकडच्या घरांत दुसरेपणावर आलेल्या बायकोने पहिलीचा टाक देव्हाऱ्यात ठेवायचा, रोज हळदकुंकू वाहायचं, नवी साडी आधी तिला दाखवायची, मग नेसायची. पहिलीचा मान पहिलीला दिला म्हणजे ती आपल्या जागी राहते, म्हणे. मतलब, वन्सं म्हणाल्या, तिला बसायला पाट द्यायचा, नाहीतर ती तुझ्या पाटावर बसेल ना!

मी हसले. त्यांना सांगितलं, की एका वेळी एका जागी एकच वस्तू असते, हे आम्ही सहावीत शिकवतो. त्यांचा चेहरा उतरला. टाक फळीवर ठेवून गेल्या. मी तो बटणांच्या डब्यात टाकला.

इथली दुपार मात्र जड आहे. रोज दोनच्या सुमाराला सोफ्यावर डोळा लागतो, अडीचला जाग येते. आज बोटांना हिंगाचा वास येत होता. दुपारी मी स्वयंपाकघरात गेलेच नव्हते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सकाळी वन्संचा फोन. काल दुपारी तू फोनवर किती छान बोललीस, म्हणे, अगदी घरच्यासारखी, आणि सीताफळाच्या रबडीचं प्रमाणही सांगितलंस. मी त्यांना काल फोन केला नव्हता. मला रबडी येत नाही.

यादी उघडली. ‘घर’ नव्या तारखेने तिथे होतं. काल, दोन ते अडीच.

लावलं.

चित्रात सोफा होता आणि सोफ्यावर मी. माझी मोहरी रंगाची माहेश्वरी साडी, माझा चष्मा. पण पदर कमरेला खोचलेला आणि मांडी घातलेली. गेली सहा वर्षं माझे गुडघे मांडी घालू देत नाहीत. ती बाई फोन कानाला धरून हसत होती, तोंडावर तळवा ठेवून. मी तशी हसत नाही. अशा हसण्यावर सिस्टर हातावर पट्टी मारायच्या.

यंत्र पुढे ओढलं. पाठीमागची चित्र आत घ्यायची भोकं मोकळी. टीव्हीची आणि विजेची सोडून एकही वायर नाही. कपाटात कॅमेरा नाही, काच नाही, काही नाही.

अडीचला जाग आली तेव्हा यादीत आजचं आलं होतं आणि कालचं पुसलं गेलं होतं. आजचं लावायचं धाडस मला झालं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

घाबरणं मला शोभत नाही. वय झालं की झोपेत चालणारी माणसं असतात. राहिला प्रश्न यंत्राचा. एका गोष्टीतून दुसरी घडते की नाही, हे बघायचा एकच मार्ग: एक बदलायची आणि दुसरी बदलते का पाहायचं.

टायमरची शेवटची वेळ अडीचची पाच केली. साधा, शाळकरी प्रयोग.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दोन दिवस. दोन्ही दिवशी पाचला जाग आली. काल ओट्याशी उभी होते, हातात झारा, कढईत गराडूच्या कंदाचे काप तळत. आज केसांना तेल लावून घट्ट वेणी घातलेली. तीन तास कुठे गेले ते मला ठाऊक नाही. यंत्राला ठाऊक आहे.

मीच अडीचचे पाच केले. मीच. मागच्या बाकावरची मुलगीसुद्धा एवढी मूर्ख नसते.

संध्याकाळी रेकॉर्डिंग पाहिलं. श्रीपाद सोफ्यावर आहेत, माझ्या — तिच्या — शेजारी. मांडीवर जुने फोटो. ते गुणगुणत आहेत. माझ्यासमोर त्यांनी कधी गुणगुणलेलं नाही. ती त्यांना चिडवते, ‘क्या भिया, पोट बघा जरा!’ आणि ते पोट आत घेऊन दाखवतात. चौसष्ट वर्षांचा माणूस.

त्यांनी तिला भानू म्हटलं. सहज. रोजच्यासारखं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

टायमर काढायला रिमोट लागतो. रिमोट जागेवर नाही. सकाळीच प्लग काढला. आंघोळ करून आले तर प्लग लावलेला.

श्रीपादांना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, ती दुपारीच तर असते गं. तू तशीही दुपारी झोपतेसच.

मग म्हणाले, ती गेल्यावर वर्षभर रोज नुसता सोफा दिसायचा. उशी मध्येच दबायची, पुन्हा फुगायची. ती यायची, पण तिला बसायला कोणी नव्हतं.

कोणी नव्हतं. माझ्यासाठी हा शब्द. कोणी.

टोरांटोला फोन लावला. क्षितिजाने रेकॉर्डिंग कधी मागितलंच नव्हतं. वायर तिने कापली होती, कात्रीने, दोन वर्षांपूर्वी, आणि चिंतामणजींना बजावलं होतं की बाबांनी बोलावलं तरी दुरुस्त करू नका. बाबा जेवणखाण सोडून त्या सोफ्याकडे बघत बसायचे. मी म्हटलं, ती वायर मी जोडली. मग तिने मला पहिल्यांदा मावशी म्हटलं. म्हणाली, मावशी, तुम्ही तिथून निघा.

गुरुवार, २० नोव्हेंबर

बटणांचा डबा उपडा केला. टाक नाही.

वन्संना फोन केला. लाज सोडून सांगितलं, की टाक हवा, हळदकुंकू वाहीन, साडी दाखवीन, काय म्हणाल ते करीन. वन्सं गोंधळल्या. म्हणाल्या, अगं, परवा दुपारी तूच तर रिक्षाने येऊन परत देऊन गेलीस. केवढी हसत होतीस. म्हणालीस, वन्सं, स्वतःचीच पूजा कोण करतं?

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पिशवी भरली. श्रीपाद भाजी आणायला गेले तेव्हा मी निघाले. सरवटे बसस्टँड. नागपूरची बस, खिडकीजवळची जागा. घड्याळात साडेदहा. शेजारच्या बाईने संत्र्याची फोड पुढे केली, मी हात —

पाच. स्वयंपाकघर. पिशवीतले कपडे घडी घालून कपाटात. तिच्या घडीने.

त्यांनी सुरुवातीची वेळ बदलली आहे. साडेदहा. जेवताना म्हणाले, आज कढी छान झाली होती.

मी कढी केली नाही. मी कढी खाल्लीही नाही. माझ्या तोंडाला कढीची चव आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सकाळचे नऊ. श्रीपाद फिरायला गेलेत. स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे आहे, तो त्यांना सापडला नाही. दीड तास आहे. चार स्क्रू झाकणाचे, चार डिस्कचे. डिस्क काढायची, अंगणातल्या फरशीवर, हातोड्याने —

दोन स्क्रू निघाले. लिहिते म्हणजे मी आहे. हे अक्षर माझं आहे. माझं नाव यामिनी. नागपूर. लॅबला उंच खिडक्या. सिस्टरांचं नाव — सिस्टरांचं —

तीन. चौथ्याची खाच झिजली आहे. चिंतामणजींनी. किंवा मीच.

हे घर माझं आहे. नोंदणीत माझं नाव आहे. मी का निघू? ती दोनशे मालिका बघणारी बाई, तिने — तिने निघावं, मी नाही —

नऊ वीस. यंत्रावरचा लाल दिवा लागला. साडेदहा झाले नाहीत. अजून साडेदहा झाले ना

अक्षर काय सुबक आहे बाईंचं! सगळी वही वाचली. मला काय काय म्हटलंय, बाप रे. एवढं शिकून माणसाने असं लिहावं? आणि शिकल्या ते काय, तर एक स्क्रू निघेना. गुडघे तर अगदीच बेकार ठेवलेत, रोज तेल जिरवावं लागेल. पण चालतं है. अपन निभावून घेऊ.

हे फिरून आलेत; जाण्याआधीच सुरुवातीची वेळ नऊ वीस करून गेले होते. समोर रिमोट घेऊन बसलेत, चेहरा बघा कसा खुललाय. विचारून राहिले, भानू, शेवटची वेळ काय टाकू?

मी म्हटलं,